विद्यार्जनार्थ परदेशगमन : परवानगीचा इतिहास

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातील गोष्ट. आपल्या मंडळाच्या शिक्षणसाह्य समितीची बैठक डोंबिवलीस भरली होती. समोर एका मुलीचा अर्ज होता. वडील औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करणारे, आई घरी पोळ्या-भाजीचे डबे करून देणारी, आणि मुलीस अमेरिकेतील एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासास प्रवेश मिळालेला. अर्जासोबत कागदांचा एक जाडजूड गठ्ठा होता. तो चाळताना आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "मास्तर, आमच्या लग्नाच्या याद्यांनासुद्धा एवढे कागद लागले नव्हते." सगळे हसले. पुढे चर्चा सुरू झाली आणि दुसऱ्या एका सद्‌गृहस्थांनी विचारले, "पण ही मुलगी परत येणार का? येणार नसेल तर ज्ञातीचा पैसा तिला का द्यावा?" या प्रश्नावर बैठक अडली, आणि अर्ज पुढील सभेवर ढकलण्यात आला.

घरी परत येताना तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. प्रश्न गैर होता असे नव्हे. तो मी पूर्वी कोठेतरी वाचला आहे असे वाटत होते. घरी येऊन जुनी पुस्तके काढली तेव्हा आठवले. हाच प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या कल्याणच्या एका मुलीस विचारण्यात आला होता. प्रस्तुत लेखाचा उगम तेथे आहे. मी शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला, ठाणे जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून चौतीस वर्षे मुलांना धुळाक्षरे शिकविलेला मनुष्य. परदेश मी नकाशावरच पाहिला. तेव्हा येथे अधिकारवाणीने काही सांगण्याचा अभिनिवेश नाही. विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्यास कोणाकोणाची परवानगी घ्यावी लागत असे, ती देणारे कोण, आणि त्यांच्या अटी काय, एवढेच कालानुक्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बंदराचे गाव आणि समुद्राची बंदी

आपले कल्याण हे मुळात दर्यावर्दी लोकांचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक वृत्तान्तात या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आढळते. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी येथील खाडीच्या आश्रयाने सुरू झाली. म्हणजे दुर्गाडीच्या पायथ्याशी ज्या खाडीचे पाणी लागते, त्या पाण्यातून गलबते दूरदेशी जात होती आणि माणसे परत येत होती.

असे असूनही एकोणिसाव्या शतकात त्याच कल्याणातील उच्चवर्णीय समाजास समुद्रगमन म्हणजे पाप वाटत होते. बौधायन धर्मसूत्रात समुद्रयानाची गणना मनुष्यास पतित करणाऱ्या कर्मांत केलेली आहे, आणि पुढे द्विजांचे समुद्रगमन कलिवर्ज्यांत घालण्यात आले. शास्त्रात काय लिहिले होते यापेक्षा त्याचा अंमल कोण करी हे अधिक महत्त्वाचे. तो अंमल राजा करीत नसे, ज्ञाती करी. ज्ञातीच्या हातात तुरुंग नव्हता, फौज नव्हती. पण पंगत होती, सोयरीक होती आणि मृताला खांदा देणे होते. या तिन्ही गोष्टी बंद केल्या की माणूस जिवंतपणी गावाबाहेर पडे.

सरकारची अडचण म्हणाल तर ती जवळजवळ नव्हतीच. त्या काळी हिंदुस्थानातून विलायतेस किंवा अमेरिकेस शिकावयास जाणाऱ्यास पासपोर्ट लागत नसे, व्हिसाही लागत नसे. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांस बंदी घातली आणि त्याच साली बाहेरून येणाऱ्या उतारूंवर प्रत्येकी पन्नास सेंटची पट्टी बसविली. पण हिंदी विद्यार्थ्याने कोणता कागद दाखवावा असा नियम नव्हता. बोटीचे भाडे भरले की समुद्र मोकळा होता. अडथळा होता तो घराच्या उंबऱ्यावर.

कल्याणची आनंदीबाई

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना ही कल्याणच्या जोशी घराण्यातील मुलगी. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोश्यांशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला तो दहा दिवसांत गेला. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळत नाही, पुरुष डॉक्टरापुढे त्या जात नाहीत, आणि म्हणून त्या मरतात, हे तिने स्वतःच्या अंगावर सोसून जाणले. डॉक्टर होण्याचा निश्चय तेथून झाला.

गोपाळरावांनी कोल्हापुरास असताना अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तिकडून मदतीची जी वाट दाखविण्यात आली ती ख्रिस्ती धर्माच्या दारातून जाणारी होती. या जोडप्याने ती नाकारली. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आला, आणि १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या असताना वाचला. त्यांनी कधी न पाहिलेल्या या मुलीस पत्र लिहिले. कार्पेंटरबाईंचे घर हाच आनंदीबाईंचा परदेशातील आधार झाला.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तेथे सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. तेव्हा त्यांचे वय अठरासुद्धा पुरे नव्हते. लोक आपल्याला येता-जाता जे प्रश्न विचारतात ते त्यांनी स्वतःच सभेपुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? परमुलखात काही अरिष्ट आले तर काय कराल? आणि जे आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? बहिष्काराविषयी त्यांचे उत्तर स्पष्ट होते. आपण हिंदू म्हणून जात आहोत, तेथे हिंदू म्हणून राहू आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू. त्यावरही कोणास बहिष्कार घालावयाचा असेल तर त्याने तो आताच घालावा, असा त्यांचा आशय होता.

वाचकहो, हे प्रश्न नीट ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. पतीची नोकरी मागे, सोबतीस आप्त कोणी नाही. उतरल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी जे पत्र लिहिले ते आजच्या अर्जदारांनी वाचावे असे आहे. परीक्षांची प्रमाणपत्रे त्यांच्यापाशी फारशी नव्हती आणि पैसाही नव्हता. आपले स्नेही आणि आपली ज्ञाती यांच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता जो निश्चय आपल्याला येथवर घेऊन आला, तोच हा अभ्यास पार पाडण्यास उपयोगी पडेल, असे त्यांनी नम्रपणे कळविले. महाविद्यालयाने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली.

सव्वा रुपयाचा दंड

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, १८८८ साली, मुंबईत आणखी एका विद्यार्थ्यापुढे ज्ञाती उभी राहिली. मोढ वणिक ज्ञातीतला हा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला होता. घरी आईने मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेववून परवानगी दिली होती. मुंबईत मात्र ज्ञातीची सभा बोलावण्यात आली. ज्ञातीच्या शेटजींनी जाण्यास मनाई केली. मुलाने ती मानली नाही. तेव्हा तो जातीबाहेर ठरविण्यात आला, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर पोहोचविण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड सांगण्यात आला. त्याच्या प्रवासाचे पैसे ज्या मेहुण्यापाशी ठेवले होते, त्यानेही जातीच्या धाकाने ते देण्याचे नाकारले. मुलाने एका स्नेह्याकडून उसने घेतले आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजी तो बोटीवर चढला. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. १८९१ साली परत आल्यावर भावाने त्याला नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरी ज्ञातीच्या एका तटाने त्याला अखेरपर्यंत पंक्तीस घेतले नाही.

ही गोष्ट परक्या ज्ञातीची म्हणून आपण हसून सोडून देऊ नये. माझ्या आजोबांचे एक चुलते शिक्षणासाठी बाहेर जाऊन आले होते. आमच्या घरी सांगत असत की, त्यांनी प्रायश्चित्त घेईपर्यंत लग्नकार्यात त्यांचे पान ओटीवर वेगळे मांडले जाई. पान मांडणारे कोणी परके नव्हते. आपलेच भाऊबंद होते. आज या स्मरणिकेत आपण ज्ञातीच्या कर्तबगार पुरुषांची छायाचित्रे छापतो. त्या ओटीवरच्या पानाचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

पैसा कोणाचा ?

ज्ञातीची मनाई हळूहळू सैल झाली. मग दुसरा प्रश्न पुढे आला, तो पैशाचा. १८९२ साली जमशेटजी टाटांनी हिंदी तरुणांस परदेशी उच्च शिक्षण घेता यावे म्हणून निधी स्थापन केला. या निधीतून कर्जाऊ रक्कम मिळे व कमावता झाल्यावर ती परत करावयाची असे. दान घेतल्याची लाज नाही आणि फेडलेल्या पैशातून पुढच्याची सोय, अशी ही दुहेरी शहाणपणाची व्यवस्था. तो निधी आजही चालू आहे. पुढे अनेक ज्ञातिसंस्थांनी आपापले शिक्षणनिधी उभारले, त्यांच्यापुढे हाच कित्ता होता असे म्हणावयास हरकत नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी. भीमरावांनी करार केला, ते शिकले, आणि १९१७ साली करार पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाले. तेथे काय झाले ते सर्वश्रुत आहे. कचेरीत चपरासी त्यांच्या मेजावर दुरून कागद टाकीत, आणि शहरात त्यांना राहावयास बिऱ्हाड मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, तेथूनही लोकांनी लाठ्या घेऊन हुसकावले. ज्याच्यावर परत येण्याचे बंधन घातले, त्याला परत आल्यावर डोके टेकण्यास जागा दिली नाही. 'परत येणार का?' असे विचारणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत लक्षात ठेवावी. परत येणे हे जाणाऱ्याचे कर्तव्य असेल, तर त्याला घरात घेणे हे राहिलेल्यांचे कर्तव्य आहे.

परवाना सरकारच्या हाती गेला

ज्ञातीचा हात मागे पडत असताना सरकारचा हात पुढे येत होता. लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींनी सरकार सावध झाले आणि १९०९ साली इंडिया ऑफिसने विद्यार्थ्यांसाठी एक माहिती कचेरी उघडून टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांना सल्लागार नेमले. कचेरी मदतीची होती, तशीच नजर ठेवण्याचीही आहे असा विद्यार्थ्यांचा संशय होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, हिंदुस्थानातून बाहेर जाण्यास पासपोर्ट आवश्यक झाला. युद्ध संपले, पण पासपोर्ट राहिला.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून, त्यात हिंदुस्थानही आला, येणाऱ्यांस दार लावले; मात्र विद्यार्थी त्यातून वगळले. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची स्वतंत्र व्याख्याच केली: वय किमान पंधरा, येण्याचा हेतू केवळ शिक्षण, आणि शाळा सरकारने मान्य केलेली. १९५२ च्या कायद्याने आज ज्यास 'एफ-वन' म्हणतात तो विद्यार्थी-व्हिसा ठरविला, आणि त्यात एक कलम घातले की विद्यार्थ्याचे घर स्वदेशी असले पाहिजे व ते सोडण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार, व्हिसा मागणारा कायमचाच राहावयास येत आहे असे अधिकाऱ्याने प्रथम गृहीत धरावयाचे. तसे नाही हे पटविण्याची जबाबदारी अर्जदारावर. ही कलमे आजही लागू आहेत.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही दार सताड उघडे नव्हते. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि परदेशी शिक्षणासाठी चलन मिळविण्यास रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीची कसोटी कडक झाली. साठच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या हकिगती डोंबिवली-ठाण्याच्या कित्येक घरांत आजही सांगितल्या जातात. पासपोर्ट देणे न देणे हीसुद्धा सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात निकाल दिला की परदेशी जाणे हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो अडविता येणार नाही. त्यातून त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. ज्या परवानगीसाठी पूर्वी पंचांच्या आणि नंतर अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, ती नागरिकाचा हक्क ठरली. मागासलेल्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झालीच होती.

मात्र आपला देश सोडणे हक्काचे झाले तरी दुसऱ्याच्या देशात शिरणे हक्काचे होत नाही. इंग्लंडने १९८६ साली भारतीयांवर व्हिसाची सक्ती केली. तोवर तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यास व्हिसा लागत नसे. अमेरिकेत २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर, २००३ पासून, प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद ठेवणारी 'सेव्हिस' ही यंत्रणा सुरू झाली.

आजच्या अटी

आता त्या मुलीच्या गठ्ठ्याकडे वळू. वरवर पाहता कागद पुष्कळ. पण नीट लावून पाहिले तर ते तीनच प्रश्नांची उत्तरे देतात. तू कोण? पैसा कोणाचा? आणि शिकून काय करणार?

पहिला प्रश्न ओळखीचा. येथे मला माझ्या व्यवसायाची चूक कबूल केली पाहिजे. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव घालताना आम्ही शिक्षकांनी फार हलगर्जीपणा केला. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून लिहून मोकळे झालो. 'रामचंद्र'चा 'रामचंद्रराव' केला. आईचे नाव कानावर पडले तसे टिपले. या मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थोडे निराळे, आणि आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे. हे सारे जुळविण्यात तिचे दोन महिने गेले. तिच्या आईची जन्मतारीख १ जून आहे हे पाहून मला माझेच अक्षर दिसल्यासारखे झाले.

दुसरा प्रश्न पैशाचा. अमेरिकेचे विद्यापीठ प्रवेशाबरोबर 'आय-ट्वेंटी' नावाचा कागद देते, त्यासाठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यानंतर 'सेव्हिस'ची फी, जी २०१९ पासून ३५० डॉलर आहे, आणि व्हिसाची फी, जी २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली. इंग्लंडसाठी विद्यापीठाने दिलेला 'कॅस' क्रमांक, शिकवणीची फी व नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असल्याचा पुरावा, आणि क्षयरोग नसल्याची तपासणी हवी. तेथे पैसा विद्यार्थ्याचा, आईवडिलांचा किंवा मान्य बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा चालतो. काका-मामांच्या खात्यातील चालत नाही. आपल्या एकत्र कुटुंबांना हे पटकन उमगत नाही. जर्मनीस जाणाऱ्याने वर्षाच्या खर्चाची रक्कम, जी सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे, गोठविलेल्या खात्यात भरावी लागते. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांस नोव्हेंबर २०२२ पासून आपली प्रमाणपत्रे 'एपीएस' या कचेरीकडून तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडून पैसा पाठविण्याची अडचण मात्र आता राहिली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठविता येतात.

तिसरा प्रश्न मुलाखतीचा. अमेरिकेची वकिलात पूर्वी मुंबईत ब्रीच कँडीस लिंकन हाऊसमध्ये होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेथे काचेच्या खिडकीपाशी उभे राहून दोन-चार मिनिटांत बोलावयाचे. अधिकारी विचारतो: याच विद्यापीठात का? हा विषय भारतात शिकता येत नाही काय? खर्च कोण करणार? शिकून झाल्यावर काय करणार? जून २०२५ पासून तर समाजमाध्यमांवरील आपली खातीही तपासणीसाठी खुली ठेवावयास सांगण्यात येते.

वाचकहो, सेरामपूरच्या सभागृहातील प्रश्न आठवावेत. का जाता? येथे सोय नाही काय? परत आल्यावर कसे? विचारणारा बदलला, प्रश्न तेच राहिले. त्या वेळी ज्ञाती विचारी, 'परत आलात तर घ्यावे की न घ्यावे?' आज परराज्य विचारते, 'परत जाल ना?'

आपल्या मुलीला पहिल्या खेपेस व्हिसा नाकारण्यात आला. तिने एका दलालाकडून पैसे देऊन उत्तरे पाठ करून घेतली होती आणि ती घडाघडा म्हणून दाखविली. घरी आल्यावर ती रडली नाही, पण चार दिवस कोणाशी बोलली नाही. मग तिची आजी तिला घेऊन माझ्याकडे आली. मला व्हिसाचे काय कळणार? मी तिला आनंदीबाईंच्या भाषणाची हकिगत सांगितली, आणि म्हटले, "बाळ, त्यांनी प्रश्न स्वतःला विचारले होते. तू एकदा स्वतःला विचारून पाहा." तिने वही घेऊन एकटीने उत्तरे लिहिली. आजोबा कसे गेले, गावाकडच्या दवाखान्यात काय नव्हते, आणि हाच विषय का, हे तिने आपल्या शब्दांत लिहिले. दुसऱ्या खेपेस ती तेच बोलली. व्हिसा मिळाला. आज ती तिकडे शिकत आहे. वडिलांनी राहती खोली बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढले. आपल्या समितीचा निर्णय तोवर झालेला नव्हता. पुढील सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली होती.

याच ठिकाणी एक सूचना तरुणांस व त्यांच्या पालकांस करतो. बँकेत पैसा नसता दाखविणारे, अनुभवाचे खोटे दाखले देणारे लोक ठाण्यापासून कल्याणपर्यंत सर्वत्र भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. खोटे कागद उघडकीस आले तर अमेरिकेचे दार जन्मभर बंद होऊ शकते, इंग्लंडचे दहा वर्षे. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणाचा शिक्का पुसता येत नाही.

आपले कर्तव्य

या साऱ्या इतिहासावरून मला एक गोष्ट दिसते. ज्या काळी सरकार अडवीत नव्हते त्या काळी ज्ञाती अडवीत होती. आज सरकारे अडवितात. निदान आता तरी ज्ञातीने त्यांच्या बाजूस उभे राहू नये. 'परत येणार का?' हा प्रश्न विचारण्यास परकीय अधिकारी समर्थ आहे. तो आपण पुन्हा विचारण्याची गरज नाही. आपण विचारावयाचा प्रश्न निराळा: तुला जाण्यास काय कमी पडते?

म्हणून मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, शिक्षणसाह्य समितीने कर्जाऊ मदतीचा निर्णय अर्ज आल्यापासून एका महिन्यात द्यावा, आणि तो गुणवत्ता व गरज पाहून द्यावा. परत येण्याची हमी मागू नये, पैसे फेडण्याची मागावी. फेडलेला पैसा दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल, मग फेडणारा डोंबिवलीत राहो की डेट्रॉइटला. दुसरी, दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात दोन जाणत्या मंडळींनी बसून मुलांच्या दाखल्यांतील नावे, तारखा तपासून द्याव्यात. हे काम दहावीतच व्हावे, व्हिसाच्या आदल्या महिन्यात नव्हे. निवृत्त शिक्षकांनी हे करावे. ते ऋण आमचेच आहे, आणि पहिला रविवार मी घेतो. तिसरी, जो परत येईल त्याचा सत्कार जरूर करावा, पण जो येणार नाही त्याच्या आईवडिलांच्या दुखण्याखुपण्याला आपण हजर असावे. तो दूर आहे म्हणून त्याच्या घराला दूर करू नये.

आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी कल्याण उभे नव्हते. त्यांची रक्षासुद्धा परक्या भूमीत एका परक्या बाईने सांभाळली. आपल्या ज्ञातीतील पुढची मुलगी विमानतळावर निघेल तेव्हा तिला पोहोचविण्यास आपल्यापैकी चार माणसे तरी जावीत, एवढीच इच्छा आहे. दंड होणार नाही. सव्वा रुपयाचा काळ गेला.

इति शम्.